न कमावलेला मासा

गेले तीन आठवडे टीममधल्या एका फ्रेशरचा कोड रिव्ह्यू माझ्याकडे आहे. प्रत्येक वेळी माझं उत्तर एकच, "अजून चांगलं करता येईल." काय चांगलं, ते सांगत नाही. त्याचं त्यानेच शोधावं, अशी माझी थोर कल्पना! शुक्रवारी तो एक अक्षर न बोलता लॅपटॉप मिटून निघून गेला.

शनिवारी मी डॉल्फिनबद्दल वाचत बसलो (वीकेंडला भलतंच काहीतरी वाचणं हे आमचं नेहमीचंच).

हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये १९६५ च्या सुमारास कॅरेन प्रायर या प्रशिक्षिकेने एक वेगळीच अट घातली. मालिया नावाच्या मादीला मासा मिळणार तो फक्त आधी कधीच बक्षीस न मिळालेल्या हालचालीबद्दल. काल चाललेली उडी आज बाद. म्हणजे शिकायची होती ती कसरत नव्हे, तर 'नवीन' ही कल्पना. आता 'नवीन' बोट करून दाखवणार कसं? बाईसाहेबांनी जुनं सगळं करून पाहिलं, वैतागल्या, आणि मग एकदम उलट्या होऊन, शेपटी हवेत धरून पाण्यातून घसरत गेल्या! पुढे तर टाकीच्या तळाला गाळात पाठीवरच्या पराने रेघाही ओढल्या.

मग 'होऊ' (हे नाव आहे, क्रियापद नव्हे) या दुसरीवर हाच प्रयोग नीट नोंदी ठेवून झाला. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. ही बरेच दिवस त्याच त्या चकरा मारत राहिली. तिथेच काम करणाऱ्या ग्रेगरी बेटसनने लिहून ठेवलंय, की चौदाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत ती भलतीच उत्तेजित दिसली आणि पंधराव्यात तिने आठ ठळक गोष्टी केल्या. त्यातल्या चार त्या जातीत आधी कुणी पाहिल्याच नव्हत्या.

इथवर वाचून मी खूशच होतो. म्हटलं, बघा, माझीच पद्धत!

पण बेटसन आणखी एक सांगतो. सारखं सारखं चुकतंय, याचा तिला इतका त्रास व्हायचा, की दोघींमधलं नातं टिकावं म्हणून प्रशिक्षिकेला कितीतरी वेळा नियम मोडून, न कमावलेले मासे द्यावे लागले. नाहीतर पंधरावं सत्र आलंच नसतं बहुतेक.

मी प्रयोग अर्धाच उचलला होता तर.

रविवारी संध्याकाळी त्याचा कोड पुन्हा उघडला. एरर हँडलिंग खरंच छान लिहिलंय पठ्ठ्याने. हा मासा तर कमावलेलाच होता, मीच दाबून ठेवला होता. तेवढंच लिहून मेल टाकला, आणि खाली 'चांगलं' म्हणजे मला नेमकं काय हवंय तेही लिहिलं. ते लिहायला मलाच पाऊण तास लागला.

अजून उत्तर नाही.