तंजावर पायी पायी : लेखांक दुसरा

शुक्रवार

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून उजाडताच निघालो. मोठ्या देवळाचं पहिलं दार मराठा काळातलं, चोळांची दोन गोपुरं त्याच्या पुढे. राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केलं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असं वाटेत दोघातिघांनी सांगितलं होतं. लेकीने ती फरशीवर शोधून काढली आणि आजीला तिथेच बसवलं. मला ती दंतकथा फार थिटी वाटते. कावेरीच्या या गाळाच्या मुलखात एवढा ग्रॅनाइट बाहेरून आणून रचला, याहून मोठं नवल कशाला हवं?

जोत्यावर सगळीकडे तमिळ लेख कोरलेले. राजराजाने देवळाला दिलेलं सोनं, दागिने, जमिनी, इतकंच काय, इथे नेमलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावंही त्यांत आहेत. आम्हाला त्यातलं अक्षर लागेना. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला वळलो आणि लेक ओरडली, “आजी, हे मला वाचता येतंय!”

भिंतीवर देवनागरीत, मराठीत भोसले घराण्याचा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. राजाने आपली हकिकत देवळाच्या दगडावर लिहायची, ही या भूमीची रीत; सरफोजींनी ती उचलली, पण लिहिलं आपल्या भाषेत. आजी एकेका ओळीवरून बोट फिरवत होत्या, दगडाला न टेकवता. बहुतेक पर्यटक नंदीपाशी फोटो काढून परततात, या भिंतीकडे फिरकतही नाहीत. निदान मराठी माणसाने तरी असं करू नये.

शनिवार

देवळापासून राजवाडा साधारण किलोमीटरभर. रिक्षा नको म्हटलं. पश्चिम राजवीथीत कॉफी घेताना आमचं बोलणं ऐकून शेजारचे एक आजोबा मराठीत म्हणाले, “कुठल्या गावचे आपण?” हेल तमिळ, शब्द आपले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. वाचता मात्र येत नाही. कालची भिंत त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. लेकीने त्या भिंतीचे मोबाइलवरचे फोटो काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. कॉफी निवून गेली.

राजवाडा मूळचा नायक राजांचा, १६७५ च्या सुमारास शिवरायांचे सावत्रभाऊ व्यंकोजीराजे इथे आले, आणि १८५५ पर्यंत इथे भोसले राजे होते. दरबार हॉलचे रंगवलेले खांब, चोळांच्या कांस्यमूर्ती, सगळं पाहिलं. नटराजापुढे थोडे अधिक थांबलो.

पण माझं मन राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अडकलं. सरफोजी स्वतः ग्रंथवेडे. त्यांनी डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसह ठेवली, तीही या संग्रहात आहेत. ताडपत्रं, वैद्यक, संगीत, मराठी नाटकं. आणि दरबाराच्या कारभाराचे मोडीतले कागद. हे कागद मराठीत आहेत, पण आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. सकाळच्या आजोबांची भिंतीपुढे जी गत, तीच आमची या मोडीपुढे.

वाचकहो, मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत चालतात, लिपी काही महिन्यांत हाताखाली येते. घरातल्या एकाने तरी ती शिकावी आणि मग तंजावरला यावं.