शहर, शहरी आणि शहरियत

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी आठवीपर्यंतच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. बी.एड.ला इंग्रजी कसे शिकवायचे ते शिकलो. चार माणसांत ते बोलायचे कसे, हे राहूनच गेले. म्हणून दर शनिवारी दुपारी दादरला इंग्रजीच्या वरच्या पातळीच्या वर्गाला जाऊ लागले. बारा आठवडे, आणि विषय एकच: शहरातले जीवन.

सुरुवात वर्डस्वर्थपासून झाली. 1802 सालची सकाळ, वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून दिसणारे निजलेले लंडन. मग इम्तियाज धारकर यांची कविता आली. झोपडपट्टीत पालिकेचा पाइप फुटतो आणि लोक हाताला लागेल ते भांडे घेऊन धावतात, अशी ती कविता. वर्गात प्रतिमांवर चर्चा झाली. मला आमच्या नळाची वेळ आठवली, आणि हंडे-कळश्या ओळीने मांडून जागी बसलेली अम्मी.

शब्दही पुष्कळ मिळाले. 'कम्यूटर' हा त्यांतला एक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी रोजच्या प्रवाशांना सवलतीचे पास दिले. मोठ्या रकमेच्या बदल्यात लहान रक्कम भरणे म्हणजे 'कम्यूट'. त्यावरून पासवाला झाला 'कम्यूटर'. मला हा शब्द एकदम घरचा वाटला. आमच्या मुंब्र्यात रेशनकार्डाच्या खालोखाल जपून ठेवायची चीज म्हणजे लोकलचा पास.

पाचव्या आठवड्यात फळ्यावर 'घेट्टो' हा शब्द आला. अर्थ सांगून झाल्यावर शेजारच्या बाईंनी मला सहज विचारले, "तुम्ही राहता तो मुंब्रा म्हणजे घेट्टोच ना?" त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता. नवा शब्द त्या वाक्यात वापरून पाहत होत्या, एवढेच.

घरी येऊन त्या शब्दाचा इतिहास वाचला. 1516 साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी ज्यूंना एका छोट्या बेटावर राहण्याची सक्ती केली. रात्री दरवाजे बंद व्हायचे, आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनीच भरायचा. 1797 मध्ये नेपोलियनचे सैन्य आले तेव्हा ते दरवाजे निघाले.

मुंब्र्याला दरवाजा नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लीम कुटुंबे इथे आली, त्यांत आमचेही होते. मी दोन वर्षांची होते. कोणी हुकूम काढला नव्हता. जिथे रात्री झोप लागेल तिथे माणसे आली. पुढे माझ्या भावाने मुंबईत भाड्याने घर शोधले. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, नाव सांगितले की ती नुकतीच गेलेली असायची. दरवाजा दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे मला म्हणवत नाही. पण अब्बांनी उभ्या केलेल्या घराला 'घेट्टो' म्हणायलाही जीभ वळत नाही.

आपल्याकडे 'मोहल्ला' हा शब्द आहे. मूळ अरबी. वाटसरू थांबतो, ओझे उतरवून मुक्काम करतो, ती जागा. अब्बांनी हेच तर केले होते. शेवटच्या निबंधात मी हा शब्द तसाच लिहिला. सरांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. त्याच्याखाली मी एका ओळीत अर्थ लिहून दिला, शब्द बदलला नाही.

त्याच निबंधासाठी कोश चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीत 'सिटी'वरून 'सिटिझन', मराठीत नगरावरून नागरिक, उर्दूत शहरावरून शहरी. नागरिकशास्त्राला आमच्या शाळेत 'शहरियत' म्हणतात. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला तेव्हा घरोघरी लोक जुने दाखले शोधत होते. त्या दिवसांत एका मुलाने मला विचारले होते, "मिस, ही तीच शहरियत का, जिचे आपल्याला मार्क मिळतात?" मी "हो" म्हणाले होते. पुढे काय सांगावे ते तेव्हा सुचले नव्हते.

यंदा आठवीच्या वर्गात तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले. तीन भाषा, तीन लिप्या, आणि गोष्ट एकच: वस्तीत राहणारा तो तिथला हक्कदार. मुले खूश झाली. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मिस, माझी नानी दापोलीकडच्या खेड्यात राहते. मग ती शहरी नाही?"

कोशात याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी संविधान वर्गात नेले आणि पाचवे कलम उर्दूत समजावून सांगितले. त्यात शहर नाही, गाव नाही, मजहब नाही. संविधान लागू झाले त्या दिवशी भारतात कायम वास्तव्य असलेला, इथे जन्मलेला किंवा ज्याचे आई किंवा वडील इथे जन्मले असा, किंवा त्याआधी निदान पाच वर्षे इथे राहिलेला प्रत्येक माणूस नागरिक. मग तेच कलम मुलांकडून इंग्रजीत लिहून घेतले. 'डोमिसाइल'चे स्पेलिंग पुष्कळांचे चुकले. ते प्रत्येकाला पाच वेळा लिहायला लावले.