दोराचे पहिले टोक

मराठीत कडा पुल्लिंगी आहे आणि भिंत स्त्रीलिंगी. सुळका पुरुष, कपार बाई, आणि शिखर बिचारे नपुंसकलिंगी! दोर जाड असला की 'तो', बारीक झाला की 'ती' दोरी. वीस वर्षे मी वर्गात हे व्याकरण शिकवीत आले. पण या लिंगविचाराचा खरा धडा मला मिळाला तो मुंब्र्याच्या डोंगरात, मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, जमिनीपासून तीस फुटांवर, आणि तोही दोन्ही हात गुंतलेले असताना.

ठाण्याहून धिम्या लोकलने निघाले की कळवा, आणि मग मुंब्रा. एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला स्टेशनच्या जणू डोक्यावरच उभा असलेला काळाकभिन्न डोंगर. वर मुंब्रादेवीचे देऊळ. रोज गाडीतून जाणाऱ्या नोकरदारांना हा डोंगर दिसतो तो पावसाळ्यात, अंगावरून धबधबे वाहू लागले म्हणजे. एरवी त्यांची नजर घड्याळावर. मुंबई-ठाण्याच्या प्रस्तरारोहकांची मात्र ही जुनी तालीम आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा हा दगड दिसतो अभंग, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवण्याची सोय नाही. धरण्यापूर्वी तो ठोकून पाहावा लागतो. बाजारात नारळ वाजवून पाहतात तसाच. पोकळ आवाज आला की हात मागे!

या तालमीत मी आणि आमचे 'हे' येऊन पडलो ते लेकीमुळे. तिने कॉलेजात प्रस्तरारोहणाचा वर्ग धरला. तेव्हा ही पोरे नेमके काय करतात हे पाहायला आईबाप म्हणून आम्ही गेलो. तपासणीला गेलेले आम्ही तिथेच दाखल झालो. त्याला आता तीन वर्षे झाली. आमचे चढण्याचे दिवस ठरलेले, डबा ठरलेला, आणि क्रमही ठरलेला. पुढे हे, मागे मी.

वाचकांपैकी ज्यांना दगडाशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दोराच्या पहिल्या टोकाला बांधून घेतो तो आधी चढतो. वर दोर नसतोच. तो आपला दोर खालून ओढीत नेतो. वाटेत दगडात ठोकलेले बोल्ट असतात, त्यांना कडी अडकवायची आणि तिच्यात दोर टाकायचा. खाली दुसरा माणूस दोर सांभाळतो, त्याला 'बिले' देणे म्हणतात. आता शेवटची कडी पायाखाली सहा फुटांवर राहिली आणि हात सुटला, तर माणूस कडीपर्यंत सहा आणि कडीखाली सहा असा बारा फूट पडतो. वर दोराचा ताण मोजायचा तो वेगळा. दुसऱ्या टोकाच्या माणसाला मात्र वरून दोर मिळालेला असतो. तो घसरला तर वीतभर घसरतो, लोंबकळतो, आणि हसून पुन्हा चढू लागतो. तीन वर्षे मी अशीच हसत होते.

पुढे जाणाऱ्याला मराठीत काय म्हणावे हाही प्रश्नच आहे. 'पुढारी' म्हटले की हातात हार दिसतो. 'नेता' म्हटले की स्त्रीलिंगी 'नेत्री' करावे लागते, आणि मग डोळ्यांच्या दवाखान्याची आठवण येते. पोरांनी यावर तोड काढली आहे. ती सरळ 'लीड' म्हणतात. तो लीड करतो, ती लीड करते; शब्दाला लिंगाची अडचण नाही.

एके संध्याकाळी लेकीने विचारले, "आई, तू लीड कधी करणार?"

"बाबा करतात की!" मी म्हणाले.

"अगं, मी कुठे अडवलंय तुला?" हे वर्तमानपत्रातून म्हणाले. आणि खरोखरच त्यांनी अडवले नव्हते. कुणीच अडवले नव्हते. गर्दीत छत्री घेऊन नवरा पुढे आणि पिशवी घेऊन बायको चार पावले मागे चालते, ते काय कुणी ठराव करून ठरवलेले असते?

भीती वाटली की मास्तर माणूस पुस्तक उघडतो. मीही उघडले. त्यात मला फ्रान्समधल्या शामोनीचा ग्रेपाँ नावाचा सुळका भेटला. १८८१ साली ममरी हा इंग्रज गिर्यारोहक तो पहिल्यांदा चढला. तिथल्या अवघड भेगेला आजही ममरीचे नाव आहे. प्रत्यक्षात त्या भेगेत पुढे गेला होता त्याचा वाटाड्या व्हेनेट्झ. म्हणजे पुढे जाणारा एक आणि नाव लागणारा दुसरा, हे दुखणे बायकांपुरतेच नाही! याच ममरीने १८९५ च्या आपल्या पुस्तकात विनोदाने म्हटले आहे की शिखर आधी अजिंक्य असते, मग आल्प्समधले सर्वांत कठीण ठरते, आणि शेवटी बायकांची सहल होते. तोवर १८९३ साली लिली ब्रिस्टो त्याच्याबरोबर ग्रेपाँ चढून आलीही होती.

पण तीही त्याच्याबरोबर. १९२९ साली मात्र मिरियम ओब्रायन ही अमेरिकन आणि अलीस दामेम ही फ्रेंच अशा दोघीच गेल्या. ममरीच्या भेगेत अलीस पुढे होती. त्यावर एका फ्रेंच गिर्यारोहकाने खंत केली, की ग्रेपाँ आता संपलाच म्हणायचा. दोन बायका आपल्या आपण चढून आल्यावर स्वाभिमानी पुरुषाने तिकडे जावे तरी कसे? १९३२ साली याच दोघी, जेसी व्हाइटहेड हिला सोबत घेऊन, मॅटरहॉर्नही चढल्या. मिरियमचे म्हणणे साधे होते. चांगल्या माणसाच्या मागे कितीही चढा, निर्णय तोच घेतो. आपण नुसते हातपाय हलवतो. आणि पुढे व्हायचेच तर तुकडीत पुरुष नकोच. का, तर तो वाईट म्हणून नव्हे. अडचण आली की तो सवयीने पुढे होतो, आणि आपण सवयीने मागे!

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि हे वाचत होते त्या वर्तमानपत्राकडे जरा वेळ पाहत राहिले.

"पण हातात ताकद लागते गं," असा आमच्याकडचा शेवटचा मुद्दा आला. त्याला लेकीने उत्तर दिले. अमेरिकेत योसेमिटीला एल कॅपिटान नावाचा सुमारे तीन हजार फुटांचा कडा आहे आणि त्याच्या मधल्या धारेला 'नाक' म्हणतात. तिथे दोर फक्त पडल्यास आधाराला ठेवून, नुसत्या हातापायांनी, १९९३ साली सर्वांआधी चढली ती लिन हिल. उंची पाच फूट दोन इंच. "बाबा, त्या नाकाने किती जणांची नाकं खाली केली असतील बघा!"

आणि परदेशात तरी कशाला जायचे? आपली हिरकणी आहेच. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी मिटले, घरी तान्हे बाळ, म्हणून ही गवळण अंधारात कडा उतरून गेली अशी कथा आहे. तिला ना दोर, ना बिले. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि तिथे बुरूज बांधला. लहानपणापासून ही गोष्ट ऐकते आहे. पण तिने शोधलेली वाट कौतुकासकट बंद झाली, हे माझ्या ध्यानात यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

तर तो रविवार. वाट सोपी, पन्नास फुटांची. मी दोराचे पहिले टोक बांधले. बिले द्यायला हे. पहिली कडी लागली नाही तोच खालून सुरू झाले, "डावीकडे! डावीकडे पाय! अगं, तो नाही, दुसरा!" गाडी मागे घेताना मला जो आवाज ऐकू येतो तोच, त्याच पट्टीत. मी खाली उतरले. लेकीने माझ्याकडे पाहिले, मग बापाकडे, आणि म्हणाली, "बाबा, पाणी संपलंय. स्टेशनपाशी चांगलं मिळतं." पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या होत्या. हे त्या दोन्ही घेऊन मुकाट्याने निघाले. एवढ्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

दोर लेकीने घेतला. मी पुन्हा निघाले. तीन कड्या सरळ लागल्या. चौथ्या बोल्टच्या अलीकडे मात्र अडले. तिसरी कडी पायाखाली पाच-सहा फूट. उजवा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा थरथरू लागला. खाली लोकलची शिट्टी झाली. डावीकडे हाताला भरघोस खाच, उजवीकडे बोटभर कंगोरा. डावी ठोकून पाहिली, आवाज पोकळ. आता? तीन वर्षांत या जागी मला नेहमी वरून एक दोर आणि एक सल्ला मिळत आला होता. आज दोन्ही नव्हते. मी लेकीला विचारणार होते, "काय करू?" शब्द ओठांवर आलाही होता. पण तिला खालून माझा दगड ऐकू येत नव्हता. तो मलाच ऐकू आला होता.

मी उजवा कंगोरा धरला. पाय उचलला. मला वाटले होते, आता शौर्य वगैरे काही वाटेल. तसे काही वाटले नाही. फक्त डोके फार स्वच्छ झाले, परीक्षेच्या हॉलमध्ये पहिला प्रश्न येतो आहे हे कळल्यावर होते तसे. कडी लागली. वर पोहोचले, दोर बांधला, आणि खाली बसून थोडी रडले. घामात ते कुणाला कळण्यासारखे नव्हते.

तोवर हे बाटल्या घेऊन परत आले होते. आता ते दुसऱ्या टोकाला. मी वरून दोर घेत होते आणि ते चढत होते, शांतपणे, स्वतःच्या लयीत. मग माझा मलाच आवाज ऐकू आला, "डावीकडे! अहो, डावीकडे पाय! तो नाही, दुसरा!" लेक खाली पोट धरून हसत होती. सुरक्षित जागी बसले की सल्ला आपोआप सुटतो. त्याला लिंग नाही.

संध्याकाळी मुंब्रा स्टेशनवर रविवारची गर्दी. हे म्हणाले, "जनरलमध्ये या, मी पुढे होऊन जागा धरतो."

"नको," मी म्हणाले, "आम्ही दोघी बायकांच्या डब्यात जातो."

गाडी आली. दारात तीन जणी उतरत होत्या, सात जणी चढत होत्या. लेक मागे थांबून माझ्याकडे पाहू लागली. मी दांडी धरली आणि पाय टाकला.

"ये," मी म्हणाले, "माझ्या मागून."