कळ थांबली म्हणून

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं मी धरून चाललो आणि त्यापायी माझ्या उजव्या मूत्रपिंडाचं कायमचं नुकसान झालं. आमच्या जोहे गावात घरोघर गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. आषाढ-श्रावणात इथे आजारी पडायला कुणाला सवड नसते. पत्र्याखाली दिवसभर घाम गाळायचा, रात्री उशिरापर्यंत रंगकाम, आणि पोटात जाणारं पाणी चहापुरतं. खड्यांसाठी गावात बरेच जण प्लास्टरच्या भुकटीला दोष देतात, मीही देत होतो. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं ते लघवी किती होते आणि कुठल्या रंगाची.

पेणला सोनोग्राफी झाली. खडा 8 मिलिमीटरचा, मूत्रनलिकेच्या वरच्या भागात अडकलेला, मूत्रपिंडाला थोडी सूज. 5 मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेकदा आपणहून पडतो, तुमचा मोठा आहे आणि वर आहे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. गोळ्या घ्या, सीटी स्कॅन करा आणि दोन आठवड्यांनी या. मी गोळ्या घेतल्या, कुळथाचं पाणी प्यायलो, पानफुटीची पानं चावली. कळ गेली. सीटी केला नाही, परत गेलोही नाही. मूर्ती गाडीत चढवायच्या होत्या.

कळ का गेली, ते फार उशिरा समजलं. नलिका तुंबली की मूत्रपिंडात दाब वाढतो, कळ त्याची असते. तुंबलेलं मूत्रपिंड पुढे लघवीच कमी बनवू लागतं, दाब उतरतो, दुखणं शमतं. खडा असतो तिथेच. मूत्रपिंड मात्र आतल्या आत निकामी होत जातं.

दिवाळीनंतर थंडी वाजून ताप भरला तेव्हा पनवेल गाठलं. जाताना उपाय मीच ठरवून गेलो होतो. चुलतभावाचा खडा बाहेरून मशीनने फोडला होता, कुठे चिरा नाही, त्याच दिवशी तो घरी. मलाही तेच करा म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "दादा, आज खड्याला हातच लावायचा नाही." भूल देऊन त्यांनी मूत्रनलिकेत नुसता स्टेंट बसवला. शुद्धीवर आल्यावर मी बायकोदेखत त्यांना बोललो, की पैशांसाठी दोनदा ऑपरेशन करताय. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. अडलेल्या लघवीत जंतू माजलेले असताना खडा फोडायला गेलं तर ते रक्तात शिरतात, माणूस दगावू शकतो. आधी लघवीला वाट करून द्यायची, मग प्रतिजैविकं, खड्याचं त्यानंतर. त्या दिवशी त्यांनी माझा हट्ट मानला असता तर हे लिहायला मी राहिलो नसतो, असं मला वाटतं.

ताप उतरल्यावर त्यांनीच मला सीटी दाखवला. भावाचा खडा मूत्रपिंडाच्या वरच्या कप्प्यात होता, सीटीवर त्याची घनता 600 हाउन्सफील्ड युनिटच्या आसपास. माझ्या खड्याची 1300च्या वर, शिवाय तो नलिकेच्या अस्तरात रुतून बसलेला. भावाचा खडा बाहेरून फोडणारं लहरींचं ते यंत्र 1980 साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. मऊ खड्याचा ते भुगा करतं, पण घनता 1000च्या पुढे गेली की यश घटतं, आणि फुटलेले तुकडे बाहेर पडायला वाटही मोकळी लागते. म्हणून मला लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेसर. शेजारच्या खाटेवरच्या काकांचा खडा दोन सेंटिमीटरहून मोठा, त्यांना पाठीतून छिद्र पाडून काढला. आणखी एकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करून चालणार नव्हतं, म्हणून लहरीही नाहीत आणि छिद्रही नाही, लेसरच. युरिक ॲसिडचा खडा असेल तर लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने तो विरघळूही शकतो. मी मात्र दुसऱ्याच्या खड्यावरून माझा इलाज मागत होतो.

खाण्यातही मी असाच स्वतःच्या अंदाजाने चाललो. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही सोडलं आणि ताटात सुके बोंबील, पोह्याचे पापड, लोणचं चालूच. खरं तर जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. दूध सोडण्याची गरज नव्हती, मीठ कमी करायला हवं होतं, कारण जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

यात एक गोष्ट माझ्या एकट्याच्या शरीरापुरती नाही. आमच्याकडे फिनिशिंगला बसणाऱ्या बायका मुद्दाम पाणी कमी पीत, कारण संडास लांब होता. मालक म्हणून ते मला दिसायला हवं होतं. माझ्या आजारपणानंतर बायकोने ते बोलून दाखवलं, तेव्हा कुठे मी कारखान्याला लागून संडास बांधला.

नंतर मूत्रपिंडांचं काम मोजणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडाचा वाटा 31 टक्के निघाला. निम्म्याच्या आसपास असायला हवा होता. तो आता वाढायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डावीकडे 4 मिलिमीटरचा खडा आहे, खालच्या कप्प्यात, कुठे अडलेला नाही. त्याला काहीही करायचं नाही, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं आणि दरवर्षी सोनोग्राफी करायची, असं ठरलं आहे. यंदाची सोनोग्राफी मी ऐन सीझनमध्ये, श्रावणात जाऊन केली.