भुसावळचे काका

आमच्या घरी रोज संध्याकाळी चार माणसं जमतात. लोचो, घरजावई, सूर्यास्त आणि भुसावळचे काका. चहा मागत नाहीत, दारात चपला काढत नाहीत, कारण ती मोबाइलमध्येच भेटतात. त्यातला सूर्यास्त म्हणजे माझा पुतण्या. बाकीच्यांची ओळख हळूहळू करून देते.

खेळ तुम्हाला ठाऊक असेलच, तुमच्याही घरात कुणीतरी कानाला हेडफोन लावून "मागे बघ, मागे बघ" ओरडत असेल. पबजी. आता त्याचा भारतातला अवतार बीजीएमआय म्हणून चालतो. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात, बंदुका शोधतात, एकमेकांना टिपतात. सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. आपल्या स्वयंपाकघरातून त्या बेटावर गेलेली एकच वस्तू म्हणजे तवा, फ्राइंग पॅन. पाठीला लटकवला तर बंदुकीची गोळी अडवतो. एवढं एक मला त्या खेळातलं मनापासून पटलं.

बाकी मला बंदुकांमधलं काही कळत नाही. मी ऐकते ती नावं. कुणी कुणाला मारलं की पडद्याच्या कोपऱ्यात दोघांची नावं उमटतात, आणि सगळी गंमत त्या एका ओळीत असते. म्हणून पोरं नावं अशी ठेवतात की ती ओळ वाचून मेलेल्यालाही हसू यावं. कुणी 'होमवर्क', कुणी 'लाइट बिल', कुणी 'तुझी सासू'. मग वाचायचं : लाइट बिलाने मारलं. खोटं काय आहे त्यात? काहीजण नावाच्या दोन्ही बाजूंना वेलबुट्ट्या, पंख, मुकुट काढतात, लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावाभोवती असतात तसे.

पण स्वतः ठेवलेल्या नावापेक्षा मित्रांनी ठेवलेलं नाव जास्त चिकटतं. लोचो हा अस्सल सुरती मुलगा. लोचो म्हणजे आमच्या सुरतेचं सकाळचं खाणं. खमण नीट जमलं नाही, त्यातून लोचो झाला, असं इथे सगळे सांगतात. गुजरातीत लोचो म्हणजे घोटाळाच. हा मुलगा उडी मारतो तीच शत्रूच्या गच्चीवर. घरजावई उधन्याचा, मूळचा खानदेशातला. खेळ सुरू झाला की एखाद्या घरात शिरतो आणि शेवटपर्यंत तिथेच बसून राहतो, बाहेर यायचं नाव नाही. सगळीकडे अशांना कॅम्पर म्हणतात म्हणे. माझ्या मते घरजावई शंभर पटीने चांगलं.

आणि आमचा सूर्यास्त. ऐन रंगात आलेल्या लढाईत हा म्हणतो, "थांबा, दिवस मावळायच्या आत जेवून येतो." दोन-तीनदा असं झालं आणि पोरांनी बारसं करून टाकलं. पर्युषणात तो फोनला हात लावत नाही, तेव्हा त्याचं नाव 'ऑफलाइन महाराज' होतं. त्यात टिंगल आहे, पण बोचरी नाही. आता साडेसहा वाजले की घरजावईच त्याला सांगतो, "जा रे, जेवून घे, आम्ही लपून बसतो."

सासूबाईंना मात्र या खेळातलं एकच वाक्य ऐकू आलं. जिंकल्यावर पडद्यावर येतं ते, 'विनर विनर चिकन डिनर'. "कोण जेवलं चिकन?" देवघरातून प्रश्न. पुतण्या म्हणाला, "आजी, खात नाही गं, नुसतं जिंकतो." सासूबाईंनी त्याला बसवून यशोधर राजाची गोष्ट सांगितली. आईच्या आग्रहाखातर त्याने खरा नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला. तरी मायलेकांना किती जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. पुतण्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "आता या खेळात मारलं असं म्हणतच नाहीत, फिनिश म्हणतात. रक्तसुद्धा हिरवं दाखवतात." ते खरं आहे, भारतासाठी नवी आवृत्ती आली तेव्हा तसे बदल केले होते. सासूबाई म्हणाल्या, "चातुर्मासात हिरवंही चालत नाही." पिठाच्या कोंबड्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

सरकारनेही हा खेळ पुरेसा हाकलून पाहिला. मार्च 2019 मध्ये राजकोट, सुरत इथे बंदीचे हुकूम निघाले, राजकोटला तर खेळणारी पोरं पोलिसांनी धरली. सप्टेंबर 2020 मध्ये देशभर बंदी आली. 2021 मध्ये खेळ नव्या नावाने परतला, 2022 मध्ये पुन्हा गेला, 2023 मध्ये पुन्हा आला. म्हणजे खुद्द खेळालाच टोपणनाव घ्यावं लागलं.

यातल्या नामवंतांची नावं पाहा. मुंबईचा आदित्य सावंत 'डायनॅमो'. मिथिलेश पाटणकर 'मिथपॅट', नाव-आडनाव दोन्ही कातरून शिवलेलं. नमन माथुर 'मॉर्टल', म्हणजे मर्त्य. जिथे सगळेच मरायला येतात तिथे इतकं प्रामाणिक नाव दुसरं नसेल. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, मला लगेच आपले कवी आठवतात. गडकऱ्यांनी कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम अशी दोन नावं ठेवली होती. पुरुषांना टोपणनाव म्हणजे फेटा, हौसेने बांधायचा. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' निघालं तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव तसं नव्हतं. स्त्रीच्या मनातलं उघड लिहिलं म्हणून केवढं वादळ उठलं, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. बाळूताई खऱ्यांना, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांना, ते नाव दाराच्या कडीसारखं होतं.

आता भुसावळच्या काकांबद्दल. ते म्हणजे माझी पुतणी, वय वर्षं एकोणीस.

सुरुवातीला ती मुलीच्या नावाने खेळायची. अनोळखी चौकडीत पडली की पहिला प्रश्न, "लडकी है क्या?" दुसरा, "नंबर दे." ती हरली तर "जा, पोळ्या लाट", आणि जिंकली तर जे ऐकावं लागे ते मी इथे लिहू शकत नाही. खेळात नाव बदलायला रिनेम कार्ड मिळतं. तिने ते वापरलं आणि ती भुसावळचे काका झाली. माइक बंद. बोलायचं ते टाइप करून. "घसा बसलाय," असं सांगितलं होतं. वर्षभर काकांचा घसा बसलेलाच होता. भावाने "आमच्या ओळखीचे आहेत" म्हणून चौकडीत घेतलं. पोरांना वाटे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ असावेत. "काका, कव्हर द्या ना," "काका, तुम्ही आधी चला." लोचो तर कॉलेज सोडू का, असा सल्लासुद्धा काकांना विचारून गेला. काकांनी सोडू दिलं नाही. तोच निशाणा, तेच हात. फक्त नावामागे मिशी आली आणि आदर आला.

छिंदवाड्याची पायल धारे आहे. तिने आपलं नाव झाकलं नाही, 'पायल गेमिंग' म्हणून लाखो लोकांसमोर खेळते. एप्रिल 2024 मध्ये पंतप्रधानांनी गेम खेळणाऱ्यांना भेटायला बोलावलं, त्यात ही एकटीच मुलगी होती. पुतणी तिचे व्हिडिओ बघते. मी विचारलं, "मग तू का लपतेस?" म्हणाली, "काकू, तिथे व्हिडिओखाली लोक काय काय लिहितात ते वाचलंस का?"

गेल्या पावसाळ्यात एकदा माइक चुकून चालू राहिला. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं ए, भाकरी गार होतेय!" ती हाक सूर्यास्ताच्या आणि काकांच्या, दोन्ही फोनमधून एकदमच गेली. बेटावर शांतता. मग घरजावई, जो कधी घराबाहेर पडत नाही, तो हळूच म्हणाला, "काका... तुम्ही जेवून या." लोचो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पुन्हा "काका, कव्हर द्या" सुरू. आता सगळ्यांना माहीत आहे, तरी काका ते काकाच. अनोळखी कुणी चौकडीत आलं तर आता पोरंच परस्पर सांगतात, "काकांचा घसा बसलाय."

त्या दिवसांत पुतणीने मला विचारलं, "काकू, तुझं नाव कुणी बदललं?" मी सांगितलं, लग्नात, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून. नवं नाव सासरच्यांनी आधीच ठरवलं होतं. भटजींनी ते मोठ्याने वाचलं तेव्हाच मी ऐकलं. "आणि घरी काय म्हणायचे?" घरी वडील चिमणी म्हणत. ते गेले, त्यानंतर त्या नावाने हाक मारणारं सुरतेत कुणी नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे कार्ड तुझं आणि वापरलं दुसऱ्यांनी."

मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या मुलींनी मिळून एक चौकडी केली. सगळ्या मुलीच, त्यामुळे काका नकोत. दुसऱ्या खात्यावर नवं नाव हवं होतं. संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. फोनवर तिने पडद्याचं चित्र पाठवलं. कोपऱ्यात एकाखाली एक ओळी : चिमणीने लाइट बिलाला लोळवलं, चिमणीने तुझ्या सासूला लोळवलं, असे सात जण.

मी ते चित्र दोनदा मोठं करून पाहिलं. सासूबाई शेजारीच जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांना दाखवलं नाही. तिला लिहिलं, "सात? चिमणीने?"

उत्तर आलं, "आठवा पळाला."