सिरीजचा दिवा

इचलकरंजीत आमच्या स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती. भाजक्या मातीची गोल थाळी, तिच्यात नागमोडी खाच आणि खाचेत बसवलेली नायक्रोमची कॉइल. दूध उतू गेलं की कॉइल हमखास तुटायची. मग आई प्लग काढायची, शेगडी निवू द्यायची आणि तुटलेली दोन टोकं ओढून एकमेकांत पिळून टाकायची. असं चार-पाच वेळा झालं की कॉइल आखूड व्हायची आणि शेगडी पहिल्यापेक्षा जास्त लाल दिसायची. चहा लवकर होतो म्हणून आई खूष. मग एखाद्या संध्याकाळी फ्यूज उडायचा.

तार कमी झाली तर वीज कमी लागायला हवी, असं माझं शाळकरी गणित. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, यंत्रमागाच्या मोटरी भरून द्यायचं दुकान होतं. ते म्हणाले, "तार म्हंजे दारातला अडवणारा माणूस. त्याला काढलास की गर्दी आत घुसतीय." ओहमचा नियम पुढं कॉलेजात भेटला तेव्हा ओळखीचाच निघाला.

ही शेगडी आता कोव्हेंट्रीत बसून आठवायचं कारण वेगळं आहे. 2014 मध्ये मी सिगारेट सोडली ती व्हेपच्या आधारानं. सोडली म्हणजे निकोटिन सोडलं नाही, धूर सोडला. उगाच पुण्य पदरात पाडून घेत नाही. पहिलं यंत्र होतं मेकॅनिकल मॉड, म्हणजे पितळेची एक पोकळ नळी. आत एक बॅटरी, खाली दाबायचं बटण, वर हातानं भरलेल्या दोन कॉइल. बास. पुढं चिपवाली यंत्रं आली, मग पॉड, शेवटी ओढून फेकून द्यायच्या रंगीत कांड्या. 1 जून 2025 पासून ब्रिटनमध्ये त्या कांड्यांची विक्री बंद झाली आणि मी खण उपसून ती काळवंडलेली नळी बाहेर काढली. चिंच आणि मिठानं घासल्यावर देवघरातल्या पितळेसारखी चमकली. बायको म्हणाली, "एवढी समई कधी घासली नाहीस."

खणात जुनी बॅटरीही होती. मीटर लावला, 1.9 व्होल्ट. लिथियमची सेल इतकी खाली गेली की तिला पुन्हा चार्जरवर चढवायची नसते, आतून काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही. ती सुपरमार्केटातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली आणि दोन नव्या आणल्या. त्यांच्यावरच्या 18650 या आकड्यात गूढ काही नाही, 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. खरा आकडा अँपिअरचा. वेष्टनावर कुणी 40 छापतं, कुणी त्याहून जास्त. या आकाराची चांगली सेल सलग 20, फार तर 30 अँपिअर देते. मी 20 धरून चालतो आणि त्याच्या निम्म्यात काम भागवतो.

नळीला मेंदू नाही, ही यातली मुख्य गोष्ट. चिपवालं यंत्र आधी कॉइल मोजतं, शॉर्ट दिसला तर पेटायला नकार देतं, बटण दाबून धरलं तर काही सेकंदांनी आपणच बंद होतं. इथं बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये कुणी नाही. भरलेली सेल 4.2 व्होल्टची. कॉइल 0.5 ओहमची असेल तर साडेआठ अँपिअरपेक्षा कमीच ओढणार. 0.2 ची केली तर 21. वाफेच्या ढगांच्या स्पर्धांच्या नादात 0.1 पर्यंत जाणारी मंडळी मी इथं पाहिली आहेत. तो 42 अँपिअरचा हिशोब झाला, आईच्या शेगडीचा, फक्त फ्यूज वगळून.

तार मी कंथालची वापरतो. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू स्वीडनमधला. त्याचे जनक हान्स फॉन कान्त्सोव्ह यांचं आडनाव आणि हालस्टाहामर हे गाव, दोन्ही जोडून नाव झालं. गेजात मात्र मी पहिल्याच आठवड्यात फसलो होतो. आण्णांच्या दुकानात सव्वीस नंबर म्हणजे ब्रिटिश गेज, 0.457 मिलिमीटर. ब्रिटनमध्ये येऊन घेतलेल्या रिळावर अमेरिकन गेज, त्याचा सव्वीस 0.405. हाताला तार बारीक लागत होती, पण रिळावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि हिशोब चुकला. सुदैवानं चूक जास्त ओहमच्या बाजूला पडली. साहेबाचं गेज साहेबाच्या गावात मिळू नये, याची गंमत आण्णांना अजून वाटते.

गुंडाळायला 3 मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घेतो. तारेचं टोक अंगठ्याखाली दाबायचं, दुसरा हात ताण न सोडता फिरवायचा. सात वेढे. वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे, पण एकावर एक चढता कामा नये. मोटरीचं कॉइल भरताना आण्णांची जीभ दातात असायची. माझीही जाते, बायकोनं फोटो काढून दाखवला. अशा दोन कॉइल समांतर बसवल्या की 0.48 च्या आसपास येतं.

कॉइलचे पाय स्क्रूखाली कसून उरलेली तार कापायची. कापलेलं टोक भिंतीला किंवा वरच्या टोपीला टेकलं तर शॉर्ट, म्हणून मी कापल्यावर बोटाच्या पेरानं चाचपतो. मग बॅटरीच्या आधी ओहम मीटर. आकडा स्थिर राहायला हवा. हलवलं की 0.48 चा 0.41 होत असेल तर कुठंतरी पाय ढिला आहे किंवा काही टेकतंय.

तापवणंही नळीवर करत नाही, मीटरच्या छोट्या यंत्रावर करतो. क्षणभर दाबून सोडायचं. कॉइल मधून लाल होत दोन्ही टोकांकडे गेली तर ठीक. आधी पाय किंवा एखादाच वेढा पेटला तर सोडून, निवू देऊन, चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्यानं हलके दाबायचं. त्यानंतर कापूस. कॉइलमधून ओढताना थोडा अडला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. जास्त ठासला तर निकोटिनचा रस कॉइलपर्यंत पोचत नाही आणि जळक्या कापसाचा झुरका घशाला दोन दिवस पुरतो.

वरचा भाग नळीवर बसवताना मी सर्वात हळू असतो. सेलचा धन ध्रुव म्हणजे मधली टिकली. तिच्या कडेपासून खालपर्यंत सगळा डबा ऋण. दोघांमध्ये फक्त कागदी चकती आणि प्लास्टिकचं पातळ वेष्टन. माझ्या नळीत वरची पिन थेट त्या टिकलीवर टेकते, म्हणून ती आट्यांच्या बाहेर नीट आलेली हवी. आत गेली असेल तर आट्यांची कडा एकाच वेळी टिकली आणि डबा दोन्ही गाठते. वेष्टनाला नखभर चीर दिसली की मी सेल बाजूला ठेवतो. नळीच्या बुडाशी गॅस निघायला भोकं आहेत. ती बंद असलेली नळी बंदुकीच्या नळीपेक्षा फार वेगळी नसते. 2018 मध्ये फ्लोरिडात अशाच एका यंत्राच्या स्फोटात माणूस गेला, तुकडा डोक्यात शिरून.

मी त्या मानानं स्वस्तात सुटलो. 2015 च्या हिवाळ्यात बटणाची कुलूपकडी न फिरवता नळी कोटाच्या खिशात टाकली. बसमध्ये गर्दी, बटण दाबलं गेलं. खिसा गरम लागला तेव्हा मला वाटलं शेजारणीची कॉफी सांडली. बाहेर काढताना तळहात भाजला. अंगठ्याच्या बुडाशी गोल डाग अजून आहे. चूक कुणाची, याची चौकशी करायची गरज पडली नाही. आता सेल नळीत घेऊन मी बाहेर पडतच नाही. ती प्लास्टिकच्या डबीत, वेगळ्या खिशात.

गावी जाताना तर नळी इथंच राहते. भारतात 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. त्यामुळे आण्णांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. परवा व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"टर्न किती?"

"सात. दोन पॅरलल."

"सिरीजवर लावून बघितलास?"

दुकानात भिंतीवर शंभर वॅटचा सिरीजचा दिवा असायचा. भरलेली मोटर आधी त्याच्यातून लावायची. दिवा मिणमिणला तर ठीक, भक्कन पेटला तर आत शॉर्ट. थेट लाईनवर मोटर लावणाऱ्या पोरावर आण्णा खेकसायचे. मी ओहम मीटर दाखवला. मान हलली. मग त्यांनी नळी फिरवून दाखवायला सांगितली, वरून, खालून, बटणाच्या बाजूनं.

"फ्यूज कुठाय ह्यात?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला आणि आईला हाक मारली, "अगं, ये, हा बोलतोय बघ." आई स्क्रीनवर येईपर्यंत मी कुलूपकडी फिरवली, बूड उघडलं आणि सेल काढून डबीत ठेवली.