मावशींचं गाऱ्हाणं

आमच्या आबांनी देवाकडे कधी काही मागितलं नाही. गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ, दरवर्षी गिरणीतून रजा काढून लोणंदला माउलींच्या पालखीत मिळायचं आणि पंढरपूरपर्यंत चालायचं. पण हे दे, ते दे, असं त्यांच्या तोंडून आलं नाही. "त्याला दिसतंय की सगळं," एवढंच म्हणायचे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात साचेखात्यातले आबाही होते. मी दहा वर्षांचा. लालबागच्या आमच्या चाळीत दिवस भोंग्यावर उजाडायचा. भोंगा थांबला तरी आई कितीतरी दिवस त्याच वेळेला उठून बसायची.

आधी आईचं डोरलं गेलं, मग पितळेची भांडी. चाळीतल्या पुष्कळांनी मुलं गावी पाठवली. आमचं गाव माणातलं, तिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे हाल. आम्हाला पाठवणार कुठे?

समोरच्या खोलीत मावशींची खानावळ होती. मावशी कुडाळकडच्या. आबा अठराव्या वर्षी मुंबईत आले तेव्हापासून लग्न होईपर्यंत त्यांच्याकडेच जेवले. सगळ्या पंगतीला माशांचं कालवण, आणि या एका माळकऱ्यासाठी मावशी वेगळ्या टोपात डाळ शिजवायच्या. तो टोप दुसऱ्या कशाला वापरला नाही, असं आई सांगायची. संपात त्यांचे निम्मे जेवणारे गावाला गेले, उरलेले उधारीवर. वाण्याने त्यांच्या बाबतीतही हात आखडता घेतला होता. तरी हरिपाठ संपला की आमच्या उंबऱ्यावर भाताचं पातेलं यायचं. वर एवढंच बोलणं, "पोरांक उपाशी निजवू नको."

आबा म्हणायचे, "लिहून ठेवा, मावशी." मावशींना लिहिता येत नव्हतं. मग रात्री मीच जाऊन त्यांच्या वहीत लिहायचो. आमच्या घरची उधारी माझ्याच अक्षरात आहे.

त्या आषाढीला रजा काढावी लागणार नव्हती, तरी आबा वारीला गेले नाहीत. दिंडीतल्या जेवणाची भिशी भरायला पैसे नव्हते. एकादशीच्या संध्याकाळी ते हरिपाठाला बसले आणि मध्येच त्यांचा आवाज थांबला. टाळ हातात तसाच. आईने पुढची ओळ धरली, आम्ही भावंडांनी तिच्यामागून म्हटली, थोड्या वेळाने आबाही आमच्यात आले. मी घाबरून गेलो होतो. आबा थांबू शकतात हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री वही लिहायला गेलो तर मावशी देवासमोर उभ्या होत्या. गाऱ्हाणं घालत होत्या. "बा देवा रवळनाथा, समोरच्या खोलयेतल्या झिलाक कामधंदो गावांदे. तो काय तुझ्याकडे मागूचो नाय, म्हणान मी मागतंय." गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला भोवतीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. भोवती कोणी नव्हतं. मावशीच मागत होत्या आणि मावशीच "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. मी दारातूनच परत फिरलो. भाताचा हिशोब दुसऱ्या दिवशी लिहिला, पण जे ऐकलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं असतं ते मला कळलं नाही.

संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. आबांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे एका इमारतीवर रखवालदाराचं काम मिळालं. मावशींनी खानावळ बंद केली आणि वही घेऊन त्या गावी गेल्या. आबांनी डालड्याच्या डब्यात पाच-दहा रुपये टाकायला सुरुवात केली. उधारीचे सहाशे चाळीस व्हायला बरीच वर्षं लागली, कारण डबा मध्येच आईच्या औषधाला रिकामा झाला, आणि आईही राहिली नाही.

१९९१ मध्ये आबा आणि मी एसटीने कुडाळला गेलो. मला वाटलं होतं, मावशी पैसे घेणार नाहीत. त्यांनी घेतले. दोनदा मोजले. वही काढली आणि माझ्या हातात पेन दिलं. मी माझंच लहानपणचं अक्षर एकेक ओळ खोडत गेलो. आबा भिंतीला टेकून बघत होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी मोकळेपणा दिसला. मग जेवण. आबांची डाळ वेगळ्या टोपात.

निघताना मावशींनी आम्हाला खळ्यात तुळशीपाशी उभं केलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गेलेल्या माझ्या आईचं नाव घेतलं, ती आता सुखात असांदे म्हणून. मग माझ्या नोकरीसाठी मागणं केलं आणि श्वास घ्यायला थांबल्या.

आबांनी टोपी काढून हातात घेतली होती. माणच्या हेलात, जरा उशिराने, ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."